तोंड दाखवून बोला

गोत्री, बडोदे
९ नोव्हेंबर २००८

अहल्या,

आधी आशीर्वाद घे, राग मग काढ. पाकिटावरचं माझं अक्षर बघून ते फाडलं नसशील तर हे पान तरी पुरतं वाच.

पाडव्याला मी फोन केला. तू उचललास. मी एवढंच विचारलं, काय गं, खुशाल ना, फराळाचं काय काय केलंस? आणि तू फोन ठेवून दिलास. गेल्या दिवाळीला हेच, त्याच्या आधीच्या दिवाळीलाही हेच. मधल्या काळात जावईबापूंनी दोनदा उचलला आणि "ती झोपलीय" म्हणाले. दुपारी बारा वाजता? मी काय कुक्कुलं बाळ आहे? तुझं माझं भांडण झालेलं दिसतंय, पण ते कशावरून झालं हे मला कुणी सांगितलेलंच नाही. लग्नाला आम्ही कुणी आडवे आलो नव्हतो. पादऱ्याचे पटेल म्हणून तुझ्या आत्यांनी नाकं मुरडली तेव्हा आबांनीच त्यांना गप्प केलं. तुझ्या वरातीत ते नाचले होते, आठवतंय ना? फेटा सुटेपर्यंत नाचले.

म्हणून म्हटलं, फोन ठेवता येतो, पत्र ठेवून देता येत नाही. विशाखापट्टणमला पोचायला पाच-सहा दिवस लागतात म्हणे. लागू देत.

इकडची हकिकत अशी की तुझ्या आबांनी मला वीट आणलाय. रिटायर झाल्यापासून माणूस घरात आहे की नाही कळत नाही. मी स्वयंपाकघरातून काही विचारावं तर उत्तर नाही. समोर जाऊन कमरेवर हात ठेवून विचारलं की मग म्हणतात, "ओरडतेस कशाला?" टीव्ही इतका मोठा की खालचे भास्करराव आता स्वतःचा टीव्ही लावतच नाहीत, आमच्याच बातम्या ऐकतात. हे सगळं चालवून घेतलं असतं. पण गेल्या महिन्यात स्कूटरवर मी मागे बसलेली, मागून ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि हे आपले मधोमध. मी पाठीत गुद्दा घातला तेव्हा बाजूला झाले. ट्रकवाल्याने खिडकीतून जे गुजरातीत सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मग मी म्हटलं, कान दाखवू. तर म्हणे, माझे कान ठणठणीत आहेत, तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. मी, तोंडातल्या तोंडात! तुला हसू आलं असेल तर हसून घे.

तर आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये फुकट तपासणीचं शिबिर होतं, तिथे नेलं ओढत. डॉक्टर समोर खुर्ची टाकून बसले. एकेक शब्द बोलायचे आणि आबांनी तो परत म्हणायचा. झाड, पाणी, दरवाजा, सुतळी. आबांनी धडाधड सगळे म्हटले. डॉक्टर म्हणाले, काका, या वयात एवढं म्हणजे पुष्कळ आहे. आबांनी मिशीवर हात फिरवला आणि घरी येईपर्यंत माझ्याकडे असं पाहत होते की विचारू नकोस.

म्हणजे काय, ऐकू सगळं येतं. मुद्दाम उत्तर देत नाहीत. तुझ्या आत्या म्हणतात तेच खरं: आपल्या घरातले पुरुष पागेतल्या शिपायांच्या वंशातले, ते बोलत नसतात, मनात आलं तरच बोलतात. मी बत्तीस वर्षं हेच ऐकत आले.

म्हणून आता मला वेगळाच संशय येतोय. तुझ्याशी हे काही बोलले का? काही टाकून बोलले का? मी विचारलं तर मान हलवतात. तू तरी सांग.

तुझी आई


३० नोव्हेंबर २००८

अहल्या,

उत्तर नाही. ठीक आहे. पण हे पत्र तुला वाचलंच पाहिजे, मागचं फेकून दिलं असशील तरी.

ट्रकचा प्रकार खालच्या भास्कररावांनी त्यांच्या जावयाला सांगितला. त्या जावयाची भाची निरुपमा कानांची तपासणी करते. आपल्याइथून चालत जाण्यासारखं तिचं सेंटर आहे. ती म्हणाली, काकांना एकदा कॉम्प्युटरवर तपासू या, शिबिरातल्या तपासणीवर जाऊ नका. आबा म्हणाले, मी पास झालोय. मी म्हटलं, मग परत पास व्हा, काय बिघडतं?

तिथे जाड काचेची एक खोली आहे, आपल्या न्हाणीएवढी. आत खुर्ची आणि पडदा. कानांवर मोठे हेडफोन. सगळं ते यंत्रच करतं. माणूस कुणी आत नसतं. आधी नुसत्या शिट्ट्या येतात, बारीक, मोठ्या. ऐकू आली की बटण दाबायचं. ऐकू आली नाही की यंत्र मोठी करतं, आली की लहान करतं, आपलं आपण. मग शब्द. भाषा निवडायची: गुजराती, हिंदी, मराठी. आबांनी मराठी म्हटलं. यंत्रातून बाई एक शब्द बोलते आणि पडद्यावर चार चित्रं येतात, बरोबर असेल त्यावर बोट ठेवायचं. बाई बरोबर-चूक काही सांगत नाही. पुढचा शब्द बोलते.

मी काचेबाहेर निरुपमाजवळ बसले होते. पहिला शब्द आला असावा, कारण चित्रं आली. आबांनी चित्रांकडे पाहिलंच नाही. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मग काचेतून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे. निरुपमाने हळूच मला खुर्ची फिरवून पाठमोरं बसायला सांगितलं. मी म्हटलं, का गं, ते घाबरतील. तर म्हणाली, काकू, बसा तर खरं.

तेवढ्यात आतून त्यांचा आवाज आला. बाहेर स्पीकरवर ऐकू येतं. यंत्राला म्हणत होते, "बाई, तोंड दाखवून बोला ना."

यंत्र कुठलं तोंड दाखवतंय? त्याने पुढचा शब्द घेतला. आबा परत म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत. मग नुसते चित्रांवर बोट ठेवत गेले, भाजी निवडल्यासारखं.

दहातले चार बरोबर आले. आणि चार चित्रांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी दोन-अडीच येतातच, असं निरुपमा म्हणाली.

तिने मला समजावलं ते असं. आबांनी मकरपुऱ्याच्या कारखान्यात फोर्जच्या घणाखाली एवढी वर्षं काढली, कानांत बोळासुद्धा न घालता. कान गेले ते आजकाल नव्हे, दहा-बारा वर्षं झाली असतील. आवाज येतो, शब्द येत नाही. शब्द ते ओठांवरून वाचतात. शिबिरातला डॉक्टर समोर बसून बोलला म्हणून पास झाले. आणि घरात? घरात मी होते. कुणी काही बोललं की मी ते परत म्हणते, ही माझी सवयच. "अहो, भास्करराव म्हणतायत उद्या मीटिंग आहे, जाणार ना?" "अहो, दूधवाला म्हणतोय परवा येणार नाही." समोर उभी राहून, मोठ्याने. मला वाटायचं मी बडबडी आहे. तुलाही तेच वाटायचं. त्यांचं तेवढ्यावर भागत होतं, आणि आम्हाला दोघांनाही ते कळलं नव्हतं. म्हणजे मला नव्हतं. त्यांना कळलं असणार.

मग निरुपमा म्हणाली, "फोनवर तर काकांना काहीच कळत नसेल. फोनवर तोंड दिसत नाही ना."

मी तिथून उठले कशी, ते मला आठवत नाही. चालत घरी आलो. वाटेत नारळपाण्याच्या लारीपाशी मी त्यांना थांबवलं, समोर उभी राहिले आणि विचारलं, मी घरी नसताना अहल्याचा कधी फोन आला होता का? ते म्हणाले, हो, एकदा, दोन-अडीच वर्षं झाली, तू हळदीकुंकवाला गेली होतीस. मी म्हटलं, तुम्ही मला तेव्हा सांगितलं होतंत, अहल्याचा फोन होता, सगळं ठीक आहे. काय म्हणाली होती ती?

ते म्हणाले, "कळलं नाही. छान छान म्हटलं, आईला सांगतो म्हटलं, आणि ठेवला."

"न कळता छान म्हटलंत?"

"पोरगी नेहमी चांगलंच सांगते," ते म्हणाले. "म्हणून छान म्हटलं."

लारीवाल्याने विचारलं, बेन, मलाईवालं देऊ? मी त्याला नको म्हटलं आणि रडले. भर रस्त्यात. आबांनी रुमाल दिला.

अहल्या, तू त्या दिवशी काय सांगितलं होतंस? मला माहीत नाही. देवाशप्पथ माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही.

आई


१४ डिसेंबर २००८

अहल्या, माझ्या पोरी,

तुझं उत्तर येईना म्हणून मी जे कधी केलं नसतं ते केलं. मुलीच्या सासरी बोलावल्याशिवाय जायचं नाही, माझ्या आईने घातलेली ही शिस्त मी इतकी वर्षं पाळली. तुझ्या लग्नानंतर मी पादऱ्याला एकदा गेले, तेही तुझ्या सासूबाईंनी, कांताबेननी, निरोप पाठवला म्हणून. नंतर निरोप आला नाही, मी गेले नाही. बोलावत नाहीत तर आपण कशाला, असं म्हणत बसले. या गुरुवारी एस.टी.त बसले आणि गेले.

कांताबेननी दार उघडलं. पाणी दिलं. चहा विचारला नाही. तुला माहीत आहे, त्या घरात पोस्टमनलाही चहा मिळतो. मी म्हटलं, बेन, माझ्या मुलीचं आणि माझं काय बिनसलंय ते तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. त्या म्हणाल्या, "तमे तो खबर पण ना पूछी." तुम्ही तर विचारपूससुद्धा केली नाहीत.

मग त्यांनी सांगितलं. तुला पाचवा लागला होता. पाच महिने पुरे होईपर्यंत माहेरी कळवायचं नाही ही त्यांच्याकडची रीत, म्हणून मला कळवलं नव्हतं. आणि कळवायच्या आधीच ते गेलं. तू दवाखान्यातून फोन केलास. आबांना म्हणालीस, बाळ होतं, ते गेलं, आईला पाठवा. आबा म्हणाले, छान छान, सांगतो तिला. कांताबेन तुझ्या कॉटशेजारी उभ्या होत्या. त्यांनी तुझ्या हातातून फोन घेतला तोवर इकडून ठेवलेला होता.

आणि मी दिवाळीत फोन करून तुला फराळाचं विचारलं.

मी त्यांच्या स्वयंपाकघरात खाली बसले. त्यांना सगळं सांगितलं, यंत्राचं, चित्रांचं, तोंड दाखवून बोला म्हणाले ते. आधी त्यांचा विश्वास बसला नाही. मग त्यांना आठवलं, साखरपुड्यात त्यांनी आबांना तीनदा जेवायला वाढू का विचारलं होतं आणि हे नुसते हसले होते. त्यांना तेव्हा वाटलं होतं, मराठे लोक फार मानी दिसतात. त्याही रडल्या. मग चहा केला. त्या तुझ्याजवळ महिनाभर राहिल्या हे मला तिथे कळलं. मी त्यांच्या पाया पडायला गेले तर त्यांनी धरलं मला.

बाळा, मला तुझा रागही आला हे लिहून टाकते. एकदा फक्त मला म्हणायचं होतंस, आई, तू का आली नाहीस? मी हातातलं पीठ न धुता निघाले असते. पण तुझ्या जागी मी असते तर मीही विचारलं नसतं. आपण दोघी सारख्याच हट्टी.

घरी आले तर आबा दारातच. माझं तोंड बघून त्यांना कळलं काहीतरी आहे. तोंडच वाचत आलेत ते एवढी वर्षं. मी सांगायला तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. त्यांना कळायचं तर मोठ्याने बोलावं लागतं, एकेक शब्द सुटा करून. ही गोष्ट मोठ्याने कशी बोलायची? भिंतीपलीकडे शेजारी जेवत होते. मग मी पेन घेतलं आणि छाप्यातल्या बातम्यांशेजारच्या कोऱ्या कडेवर लिहायला लागले. "अहल्याला" एवढं लिहिलं आणि त्यांनी त्यावर हात ठेवला.

म्हणाले, "तिने मला सांगितलं होतं ना? मग ती मला परत सांगेल. तू नको."

मी म्हटलं, ती फोन करत नाही, तुम्हाला फोन कळत नाही, सांगणार कशी?

तर म्हणाले, निरुपमाला विचार, कानाची मशीन कधी मिळेल. दोन आठवडे मी डोकं फोडत होते की मशीन बसवा, तर म्हणत होते, म्हातारा दिसेन. त्या संध्याकाळी स्वतः चप्पल घालून निघाले. सेंटर बंद झालं होतं, तरी जाऊन आले.

पत्राला उत्तर नको देऊस, चालेल. जेवतेस ना वेळेवर?

आई


१८ जानेवारी २००९

अहल्या,

आबांना दोन्ही कानांत मशीन बसली. पहिला आठवडा घरात युद्ध होतं. चपलांचा आवाज होतो म्हणून ते अनवाणी फिरायला लागले. माझ्या बांगड्या वाजतात, नळ गळतो, पंखा करकरतो, आणि हे सगळं आजच सुरू झालंय असं त्यांचं म्हणणं. कुकरच्या शिट्टीला पानावरून उठून उभे राहिले. आणि मी? मी दिवसभर स्वतःशी पुटपुटते म्हणे. "तू माझ्याबद्दल हे सगळं रोज बोलतेस?" असं विचारलं. म्हटलं, रोज. आता सवय लावून घ्या.

पण मशीन काढून ठेवली नाही. उत्तरायणाला सगळ्या गच्च्यांवर गाण्यांचे डेक लावलेले, कानठळ्या बसत होत्या. मी म्हटलं, आजचा दिवस काढून ठेवा. नाही म्हणाले. पतंग उडवायलाही गेले नाहीत. तुला माहीत आहे, तापातसुद्धा हा माणूस गच्चीवर असायचा. दिवसभर फोनजवळ बसून होते, कारण मी भोळेपणाने बोलून गेले की सणाला कदाचित अहल्या फोन करेल.

दुपारी फोन वाजला. मी चिक्की कापत होते, हात तसेच घेऊन धावले, तोवर त्यांनी उचललेला. हॅलो म्हणाले. परत म्हणाले. मग बराच वेळ तसेच उभे, रिसीव्हर धरून. मग ठेवला. मी विचारलं कोण? म्हणाले, कुणी बोललं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, का मलाच ऐकू आलं नाही? गच्चीवर एवढा गोंगाट चाललेला. ते मला विचारत होते, काय झालं असेल. मी काय सांगणार? तू होतीस का गं?

दुसऱ्या दिवशी स्वतःहून निरुपमाकडे गेले, परत त्या काचेच्या खोलीत बसवा म्हणाले. मी पाठमोरीच बसले, कुणी न सांगता. या वेळी ते कुठेच पाहत नव्हते, डोळे मिटून ऐकायचे, मग उघडून बोट ठेवायचे. दहातले सात आले. निरुपमा म्हणाली, चांगलं आहे, पण फोनवर कमी येतील, आधीच सांगून ठेवते. आणि एक शिकवलं: रिसीव्हर कानाला लावायचा नाही, कानामागे मशीन आहे तिला लावायचा. म्हणजे त्या दिवशी तू असशील तर त्यांनी फोन चुकीच्या जागी धरला होता.

तेव्हापासून आमची तालीम चालू आहे. मी खाली भास्कररावांकडे जाते आणि घरी फोन लावते. पहिल्या दिवशी विचारलं, कोण बोलतंय? मी म्हटलं, तुमची बायको. म्हणाले, काय काम आहे? अशा माणसाशी संसार केलाय मी. पण आता पाच मिनिटं बोलतात. काल मी त्यांना गोड्या वरणाची अख्खी कृती सांगितली आणि त्यांनी ती परत म्हणून दाखवली, हिंगासकट. निरुपमा म्हणते, ओळखीचा आवाज लवकर कळतो. माझा त्यांना कळतो. तुझा कळेल की नाही हे ना तिला सांगता येत, ना यंत्राला. यंत्रात तुझा आवाज नाही.

आता नीट वाच. येत्या रविवारी, पंचवीस तारखेला, सकाळी दहा वाजता ते फोनजवळ असतील. त्याच्या पुढच्या रविवारीही असतील, आणि त्याच्याही पुढच्या. तू फोन कर. ओरडू नकोस, हळू बोल. नाही कळलं तर ते आता छान म्हणणार नाहीत, "परत सांग" म्हणतील. तसं त्यांनी मला कबूल केलंय. वाक्य कळलं नाही तर दुसऱ्या शब्दांत सांग.

मी त्यांना काही सांगितलेलं नाही. लिहूनही दाखवलं नाही. कांताबेनचा निरोप येतो तोही मी गाळून सांगते. दवाखान्यातून सांगितलंस तेच पहिल्यापासून सांग त्यांना. तुला ते दुसऱ्यांदा सांगायला किती जड जाईल, मी समजू शकते. पण त्यांनी ते अजून ऐकलेलं नाही.

मला मध्ये घेऊ नकोस. त्या वेळी मी घरात नसेन. भाजी घेऊन अकराला येईन.

आई